उपवासकाळात डोक्याला तेल: घरचं खोबरेल कढवण्यापासून टाचांच्या भेगांपर्यंत

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, मिस्सेत (देवळातल्या मुख्य उपासनेत) वाचलं जाणारं शुभवर्तमान मत्तयच्या ६ व्या अध्यायातलं असतं. त्यात येशू उपवास करणाऱ्याला सांगतो की उतरलेलं तोंड घेऊन फिरू नकोस, डोक्याला तेल लाव आणि तोंड धू. तरीही पुष्कळ घरांत उपवासकाळ म्हणजे रापलेला चेहरा आणि कोरडे केस असाच अर्थ घेतला जातो. बाजारातल्या क्रीम, सीरम, सुगंधी साबणांना चाळीस दिवस सुट्टी द्यावी आणि ते पैसे दानधर्माला काढावेत, हे योग्यच. पण म्हणून अंगाची निगा सोडायची नाही. वसईच्या पट्ट्यात ही निगा राखायला लागणारं सगळं नारळाच्या एका झाडावर आणि डाळीच्या डब्यात असतं. ते नीट कसं वापरायचं, काय बिघडतं आणि कुठे घरगुती उपाय थांबवून दुकानात किंवा डॉक्टरांकडे जायचं, ते पुढे आहे.

बुधवारच्या राखेबद्दल आधी दोन शब्द. ही राख मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) झावळ्या जाळून केलेली असते. झाडाची राख पाण्यात मिसळली की क्षारयुक्त होते आणि नाजूक कातडीला चरचरते. देवळात राख कोरडी लावली असेल तर सहसा काही होत नाही. पण कपाळावर घाम येतो आणि लहान मूल तेच चोळत बसतं. घरी आल्यावर आधी कोरड्या मऊ फडक्याने राख टिपून घ्यावी आणि मग भरपूर पाण्याने धुवावी. कपाळ लाल होऊन चुरचुरत असेल तर दहा-पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरावं. त्यावर लिंबू किंवा तेल लावू नये.

कामाचा आठवडा कसा लावायचा

तेल काढायला दोन टप्पे लागतात आणि मधे रात्र जावी लागते. म्हणून शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार सकाळ ही जोडी सोयीची. शुक्रवारी मांस नसतं, स्वयंपाक लवकर आटोपतो. क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाच्या टप्प्यांची प्रार्थना) करून आल्यावर नारळ खोवून दूध काढायचं, भांडं फ्रिजमध्ये ठेवायचं. शनिवारी मुलांची शाळा नसेल तर सकाळी तेल कढवायचं. शनिवारी रात्री केसांना तेल, आयतवारी मिस्सेआधी न्हाणं. ज्या आईला रोज पहाटे मिस्सा, डबे आणि बाजार आहे तिने मधल्या वारी हे काम काढूच नये. घाईत तेल करपतं.

दिवसभर उपाशी राहून रात्री खोवणीवर बसायचं असेल तर उपवासाचा नियमही नीट माहीत असावा. पूर्ण उपवास फक्त राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला), तोही १८ ते ५९ या वयात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला त्यातून सूट असते. ती तिने बिनदिक्कत घ्यावी. त्या काळात आधीच केस गळतात. त्यात पोटाला कमी पडलं तर कोणतंही तेल भरपाई करणार नाही.

नारळ आणि भांडी

पाच पक्के नारळ घ्या. हलवल्यावर आत पाणी वाजलं पाहिजे आणि सोडण सुकलेलं हवं. शहाळ्याच्या वरचा, अर्धवट पिकलेला नारळ गोड लागतो, पण त्यात तेल कमी असतं. तेल थोडं निघण्याचं नेहमीचं कारण हेच. फोडल्यावर आत पिवळट डाग किंवा खवट वास आला तर तो नारळ बाजूला टाका. एका नारळाचा वास सगळ्या घाण्याला लागतो.

पाच नारळांचा साधारण दीड किलो चव (खोवलेलं खोबरं) निघतो आणि त्यातून घरच्या पद्धतीने २५० ते ३०० मिलीलिटर तेल मिळतं. आई आणि लांब केसांची एक मुलगी यांना आठवड्यातून दोनदा, दर वेळी दोन चमचे लावायला हे उपवासकाळभर पुरतं. ओठांचा आणि टाचांचा बामही करायचा असेल तर सात नारळ घ्या.

भांडं जाड बुडाचं, स्टीलचं घ्यावं. लोखंडी कढईत तेल काळवंडतं. बिनकल्हईच्या पितळेत आणि तांब्यात ते लवकर खवट होतं. गाळायला दोन मलमलची फडकी लागतील, एक दुधासाठी आणि दुसरं पूर्ण कोरडं, तेलासाठी. बाटली काचेची, शक्यतो गडद रंगाची. ती उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात इतकी वाळवायची की आत ओलाव्याचा पुसटसा थेंबही राहू नये.

दूध काढणं

करवंटीच्या कडेची तपकिरी साल येऊ न देता नारळ खोवा. साल आली तर तेल गढूळ दिसतं, बाकी बिघडत काही नाही. दीड किलो चवाला दीड लिटर कोमट पाणी, हात घालता येईल इतपतच गरम. मिक्सरच्या भांड्यात थोडं थोडं फिरवून फडक्यात घट्ट पिळा. उरलेल्या चोथ्यात पाऊण लिटर पाणी घालून पुन्हा फिरवा आणि पिळा. तिसऱ्यांदा पिळण्यात अर्थ नाही. पाणी वाढतं, कढवायचा वेळ वाढतो, तेल मात्र चमचाभरच येतं.

सगळं दूध एका उभट भांड्यात ओतून फ्रिजमध्ये आठ-दहा तास ठेवा. सकाळी वर पांढरी, घट्ट साय धरलेली दिसेल आणि खाली पातळ पाणी. कड सुरीने सोडवून साय उचलून घ्या. खालचं पाणी त्याच दिवशी भाताला किंवा पीठ मळायला वापरता येतं. फ्रिज नसेल तर दूध रात्री थंड जागी ठेवलं तरी साय धरते. मार्चच्या उकाड्यात मात्र ते आंबू लागतं. आंबलेल्या सायीचंही तेल निघतं, पण त्याचा वास केसांत दोन दिवस राहतो.

कढवणं

साय भांड्यात घालून मध्यम आचेवर ठेवा. पहिला फेस वर आला की आच मंद करा. एकूण तास ते दीड तास लागतो. पहिल्या पाऊण तासात पाणी उडत असतं आणि दर चार-पाच मिनिटांनी बुडापर्यंत उलथनं फिरवलं की पुरतं. संध्याकाळी कढवत असाल तर हे रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेच्या, मापाने नेमकं बसतं. एक आमच्या बापा, दहा नमो मरिया आणि गौरव झाले की उठून एकदा ढवळायचं. पण पाऊण तास झाला की माळ ठेवून चुलीपाशीच उभं राहायचं. पुढचा भाग लक्ष मागतो.

या वेळेपर्यंत सायीच्या दह्यासारख्या गुठळ्या झालेल्या असतात आणि कडेने स्वच्छ तेल सुटू लागतं. तडतड आवाज येतो, तो उरलेल्या पाण्याचा. आवाज कमी होत जातो आणि गुठळ्या पांढऱ्याच्या फिकट बदामी होतात. नेमक्या या क्षणी गॅस बंद करायचा. भांडं तापलेलं असल्यामुळे रंग आणखी एक पायरी चढतोच. गुठळ्या तपकिरी होईपर्यंत थांबलात तर तेलाला करपट वास येतो. तो कशानेही जात नाही.

कोमट झाल्यावर कोरड्या फडक्यातून गाळा. फडकं पिळू नका, आपोआप झिरपू द्या. पिळलं की गाळ उतरतो. उरलेली बदामी गुठळी गुळाबरोबर मुलांना द्यावी. तेल दोन दिवस न हलवता ठेवलं की तळाशी बारीक गाळ बसतो. वरचं स्वच्छ तेल बाटलीत ओतून घ्यावं. कोकणात अशा तेलाला आवेल म्हणतात.

पाणी पुरतं उडालं का, हे पाहायची खूण सोपी आहे. तापलेल्या तव्यावर चमचाभर तेल टाका. तडतडलं तर पाणी आहे, पुन्हा पाच-सात मिनिटं मंद आचेवर ठेवा. पाणी राहिलेलं तेल महिन्याभरात खवट होतं. कोरडं असेल तर सहा महिने सहज टिकतं. बाटलीत बोटं बुडवू नयेत, ओला चमचा तर नाहीच. फेब्रुवारीच्या सकाळी तेल गोठलेलं दिसलं तर घाबरू नका. खोबरेल सुमारे २४ अंशांच्या खाली थिजतंच. गरम पाण्यात बाटली पाच मिनिटं उभी ठेवली की ते पातळ होतं.

हे तेल घरच्या वापराचं आहे, पवित्र तेल नाही. एवढं सांगायचं कारण म्हणजे आजारी माणसाला घरचं तेल क्रुसाची खूण करून लावणारी माणसं आहेत. प्रार्थना करून लावायला हरकत नाही. पण बाप्तिस्मा, दृढीकरण आणि आजाऱ्यांचा अभ्यंग या विधींची तेलं पवित्र सप्ताहात बिशपांच्या मिस्सेत आशीर्वादित होतात. ती परंपरेने ऑलिव्हची असतात आणि त्यांतल्या ख्रिस्मा नावाच्या तेलामध्ये सुगंधी बाल्सम मिसळलेलं असतं. १९७० पासून ऑलिव्ह मिळणं अवघड असेल तिथे दुसरं वनस्पतीचं तेलही चालतं.

केसांचं तेल

नुसतं खोबरेलच केसांसाठी पुरेसं काम करतं. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी केसातल्या प्रथिनांची झीज कमी करतं. म्हणून ते न्हाण्याच्या आधी लावण्यात फायदा आहे, न्हाल्यावर चापून चोपडण्यात नाही. अर्धा तास पुरे, रात्रभर ठेवलंत तरी चालेल.

पाला घालायचाच असेल तर २०० मिलीलिटर तेलाला वीस-पंचवीस कढीलिंबाची पानं, जास्वंदीची दोन फुलं व चार पानं आणि एक चहाचा चमचा मेथी. पानं-फुलं धुऊन सावलीत पूर्ण एक दिवस सुकवा. नेमकी हीच पायरी गाळली जाते आणि मग पंधरा दिवसांत तेलावर बुरशी येते. अगदी मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, पानं कुरकुरीत होईपर्यंत ठेवा, थंड करून गाळा. मोगऱ्याची ताजी फुलं तेलात टाकून ठेवू नका. वास छान येतो, पण फुलातला ओलावा तेल नासवतो. मोगरा केसात माळावा.

कढीलिंब-जास्वंदीने टकलावर केस उगवत नाहीत. केस मऊ राहतात, तुटतात कमी, एवढंच. डोक्यात चिकट, पिवळट कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवू नये. ज्या बुरशीमुळे तसा कोंडा होतो ती तेलातल्या चरबीवरच वाढते. तिथे औषधी शाम्पू हवा. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी केस मुठीने येतात, तो शरीराचा क्रम आहे. ते सहसा वर्षभरात सावरतं.

चेहऱ्यासाठी डाळीचं पीठ

चेहऱ्यावर खोबरेल लावण्याची घाई करू नका. पुटकुळ्या येणाऱ्या कातडीवर ते छिद्रं बुजवतं आणि वयात आलेल्या मुलींचा चेहरा आठवड्यात भरून येतो. अगदी कोरडी कातडी असेल तरच रात्री दोन थेंब, तेही ओल्या चेहऱ्यावर.

धुण्यासाठी १०० ग्रॅम मसूर डाळ, ५० ग्रॅम तांदूळ, ५० ग्रॅम चणाडाळीचं पीठ आणि पाऊण चहाचा चमचा आंबेहळद घ्या. डाळ-तांदूळ धुऊ नका, दमट फडक्याने पुसून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं शेका, म्हणजे पोरकिडे लागत नाहीत. थंड झाल्यावर दळून मैद्याच्या चाळणीतून दोनदा चाळा. ही चाळणी महत्त्वाची. जाड तांदळाची कणी कातडीला बारीक ओरखडे पाडते आणि मग हळद चुरचुरते. वर राहिलेली भरड टाकून न देता हाता-पायांना वापरा. नारळाचा चोथा वाळवून त्याच्या जोडीला चालतो, तोंडाला मात्र नाही.

वापरताना दोन चमचे पिठात पाणी किंवा ताक घालून पातळ लेप करा. पाच-सात मिनिटांनी, लेप ओलसर असतानाच, गोल बोटं फिरवत धुवून टाका. कडक वाळेपर्यंत बसून राहिलं तर सोलवटल्यासारखं होतं. आठवड्यातून दोनदा पुरे. कालवलेला लेप उरला तर फेकून द्यावा, फ्रिजमध्येही ठेवू नये. पाणी मिसळलं की त्यात काही तासांत जंतू वाढतात आणि घरच्या वस्तूंत ते रोखणारं काही नसतं. कोरडं पीठ आणि शुद्ध तेल टिकतं, ओलं काहीही टिकत नाही.

नवा लेप आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून चोवीस तास वाट पाहावी. लिंबू, खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट या तीन गोष्टी चेहऱ्याच्या जवळही आणू नयेत, कितीही जणींनी सांगितल्या तरी. आणि तान्ह्या बाळाच्या अंगावरची लव काढायला डाळीचं पीठ चोळू नये, ती लव आपसूक गळते. बाळाला साधं खोबरेल, हलक्या हाताने. नाकात-कानात थेंब टाकायचे नाहीत.

ओठांचा बाम

दहा ग्रॅम मधमाश्यांचं मेण, तीस ग्रॅम खोबरेल. एवढ्यात पाच-पाच ग्रॅमच्या आठ डब्या भरतात. मेण किसून तेलाबरोबर वाटीत घाला आणि वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, म्हणून थेट आचेची गरज नाही. वितळलं की थंड चमच्याच्या पाठीवर एक थेंब टाकून मिनिटभराने बोट फिरवा. फार मऊ वाटलं तर मेण, खरखरीत वाटलं तर तेल वाढवा. एप्रिलच्या उन्हासाठी बारा ग्रॅम मेण आणि अठ्ठावीस ग्रॅम तेल हे प्रमाण बरं.

घरात उरलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे यासाठी वापरू नका. त्यांत बहुधा पॅराफिन आणि रंग असतो. शिवाय २ फेब्रुवारीच्या सणाला आशीर्वादित केलेल्या मेणबत्तीचे तुकडे देव्हाऱ्यापाशी जाळून संपवायचे असतात. मेण मध विकणाऱ्याकडून घ्यावं. ते पिवळट आणि मधाचा मंद वास असलेलं हवं.

टाचा, आणि पवित्र गुरुवार

पवित्र गुरुवारी, म्हणजे उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी, पाय धुण्याच्या विधीत पूर्वी फक्त पुरुषांना बसवत. पोप फ्रान्सिस यांच्या जानेवारी २०१६ च्या आदेशापासून स्त्रियांनाही बसवता येतं. धर्मगुरूंनी नाव पुकारलं आणि आई भेगाळलेल्या टाचा लपवत नको म्हणाली, असं व्हायला नको. पण भेगा भरायला तीन आठवडे लागतात. आदल्या रात्री घासून उपयोग नाही.

इथे खोबरेलापेक्षा कोकमतेल सरस. बियांपासून काढलेले त्याचे पिवळट-पांढरे गोळे कोकणात सगळीकडे मिळतात आणि गोव्याकडे त्याला भिरंडेल म्हणतात. ५० ग्रॅम कोकमतेल आणि ५० मिलीलिटर खोबरेल गरम पाण्यावर एकत्र वितळवून डबीत ओतायचं. नुसतं कोकमतेल फार कडक असतं, ते भेगेत शिरायला गरम करून भरावं लागतं आणि घाईत पाय पोळतो.

रात्री पाय पंधरा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. वजरीने फक्त वरची मेलेली, पांढरी कातडी काढा. गुलाबी कातडी दिसली की थांबा. पाय टिपून, जरासे दमट असतानाच बाम लावून सुती मोजे घाला. वजरी आठवड्यातून दोनदाच, बाम मात्र रोज. रोज घासलं तर कातडी स्वतःला वाचवायला आणखी जाड होते. तक्रार येते ती बहुधा याच कारणाने. मधुमेह असेल तर भिजवणं आणि घासणं दोन्ही वर्ज्य, फक्त बाम लावावा. भेगेतून रक्त किंवा पू आला तर डॉक्टर.

उत्तम शुक्रवारचं ऊन

झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक आणि उत्तम शुक्रवारची बाहेरची क्रुसाची वाट, दोन्ही उन्हाच्या. सकाळी लिंबाचा लेप लावून दोन तास उन्हात चाललं तर चेहऱ्यावर तपकिरी चट्टे उठतात आणि ते महिनोन् महिने जात नाहीत. लिंबाच्या सालीतली द्रव्यं उन्हाशी मिळून कातडी अक्षरशः भाजतात. त्या आठवड्यात सरबत पिळल्यावरही हात कोपरापर्यंत धुवून मगच बाहेर पडावं.

खोबरेल ऊन अडवत नाही. तेल लावून उन्हात जाणं म्हणजे काहीच न लावता जाण्यासारखंच. उन्हापासून वाचवणारं मलम घरी करता येत नाही, एसपीएफ ३० किंवा जास्तीचं दुकानातूनच आणावं. उपवासकाळात एवढा खर्च चालतो. निघण्याआधी पंधरा मिनिटं, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर मावेल इतकं लावा आणि दोन तासांनी पुन्हा. सोबत छत्री आणि डोक्यावर ओढणी किंवा पदर घ्या.

परत आल्यावर कातडी लाल आणि गरम असेल तर दहा-पंधरा मिनिटं थंड पाण्याच्या घड्या ठेवा. बर्फ नको. गरम कातडीवर लगेच तेल किंवा कोकमतेल लावलं तर उष्णता आत कोंडते. कातडी निवली, लाली उतरली की मगच, बहुधा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पुनरुत्थानाच्या जागरणमिस्सेला निघण्याआधी, बोटभर खोबरेल.